पट्टा मिळाला, पण वही कुणाच्या घरात?

वनहक्काचा विषय निघाला की लोक आधी आकडा विचारतात. किती दावे आले, किती मंजूर झाले, किती हेक्टर. जिल्ह्याच्या बैठकीत हेच, पेपरातही हेच. मी गावात गेले की दुसरंच विचारते. तुमच्या ग्रामसभेची रोकडवही कुणाच्या घरात असते, आणि गावासमोर ती शेवटची कधी वाचली? एवढ्यावरून त्या गावाचं जंगल पुढे कुणाच्या ताब्यात राहील याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात ग्रामसभांना हिशेब लिहायला शिकवते. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षं एका पतसंस्थेत होते. व्हाउचर, खतावणी, महिनाअखेरचा ताळमेळ हे तिथे हाताला वळण लागलं. मग ओळखीच्या एका कार्यकर्त्या दादांनी तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात हिशेब बघायला बोलावलं, तेव्हापासून याच कामात आहे. कायद्यावर बोलणारी, लिहिणारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत, आणि त्यांच्याच जोरावर इथपर्यंत मजल आली. हिशेबावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही.

थोडं मागचं सांगते. आमचा भाग जुन्या मध्य प्रांतातला. इथे जमीनदार आणि मालगुजार होते, जंगल त्यांच्या नावावर असायचं. १९५० च्या कायद्याने त्यांची मालकी गेली आणि जंगल सरकारकडे आलं. लोकांसाठी निस्तार पत्रक उरलं. कुठल्या गावाने कुठून जळण आणायचं, घरासाठी लाकूड-बांबू कुठला, गुरं कुठे चारायची, याची ती नोंद. म्हणजे वापरायला परवानगी होती, पण विकायला, राखायला किंवा कुणाला अडवायला काही अधिकार नव्हता. तेंदूपत्ता तर १९६९ च्या राज्याच्या कायद्याने पुरताच सरकारी व्यापाराचा झाला. वनविभाग जंगलाचे युनिट पाडायचा, लिलाव करायचा, ठेकेदार यायचा, आणि गावातल्या माणसाच्या वाट्याला पुड्यामागची, म्हणजे पानांच्या जुडीमागची, मजुरी.

२००६ चा वनहक्क कायदा आला आणि हे उलटलं, निदान कागदावर तरी. घरटी कसत असलेल्या जमिनीचा हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, हा त्याचा सगळ्यांना माहीत असलेला भाग. माझ्या मते त्याहून मोठा भाग सामूहिक हक्काचा आहे. गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन गावाने करायचं, आणि गौण वनोपजाची मालकी गावाची. गौण वनोपजात मोहफुलं, हिरडा, चारोळी, डिंक, तेंदूपत्ता हे तर आलंच, बांबूही आला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरला होता आणि झाड म्हणजे वनविभागाचं. नव्या कायद्याने तो गौण वनोपजात आणला, आणि खरी ठिणगी तिथेच पडली.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेव्हाच मर्दा या गावालाही मिळाला. देशात असे हक्क मिळालेल्या सुरुवातीच्या गावांत ही दोन आहेत. पण पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला तरी बांबू विकता येईना, कारण गाडी रस्त्याला लागली की वाहतूक पास लागतो आणि पासबुक वनविभागाकडे. माल तुमचा, पण नाक्याच्या पलीकडे न्यायचा तर आमची सही हवी, असा तो प्रकार. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांच्या उपस्थितीत वाहतूक पासाचं बुक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या, म्हणजे ग्रामसभेच्या, हातात पडलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले आणि पास देण्याचं काम रीतसर ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

मेंढ्याची गोष्ट सांगताना लोक ते पासबुक सांगतात आणि थांबतात. त्याआधीची वीसेक वर्षं त्या गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, हे मागे पडतं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा कार्यकर्ता माणूस तिथे वर्षानुवर्षं शेजारी बसून राहिला, उपदेश करत नव्हता, विचारत होता. एकमत व्हायला वेळ लागायचा, तेवढा वेळ दिला जायचा. ज्या गावाला प्रत्येक गोष्ट सगळ्यांसमोर बोलायची सवय आहे, त्या गावाला हिशेब वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. बाकीच्या शेकडो गावांना पट्टा आधी मिळाला आणि सवय लागायची राहिली. आमचं काम त्या गावांत.

आता तेंदूकडे येते, कारण आमच्याकडे रोकड येते ती मे महिन्यात, तेंदूची. उन्हाळ्याच्या तोंडाशी बूटकटाई होते, म्हणजे तेंदूची झुडपं छाटतात, मग कोवळी तांबूस पालवी फुटते. पान मोठं झालं, पण राठ व्हायच्या आत तोडायचं असतं. घरातले सगळे पहाटे अंधारातच निघतात. ऊन चढायच्या आत गाठोडी घेऊन परततात आणि मांडवाखाली पुडे बांधायला बसतात. किडकं, फाटलेलं, लहान पान बाजूला. सारख्या पानांची चळत करून सालीने आवळायची. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं, शेजारच्या छत्तीसगडमध्ये ५०. अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर नेतात, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या मैदानात, जिथे मोजणी होते आणि पुडे वाळायला ओळीने मांडतात. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, आणि मध्येच वळीव आला तर मांडलेला माल डागाळतो.

फळीवर पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी असायचा. वही त्याची, पेन त्याचं. शंभर पुड्यांमागे चार-पाच पुडे जास्तीचे द्यायचे हा अलिखित नियम. काही पुडे खराब निघतात म्हणून. आता जरा आकडेमोड करून बघू. एका घराने दिवसाला २०० पुडे आणले, शेकड्यामागे ५ जास्तीचे दिले, तर १० पुडे गेले, म्हणजे ७०० पानं. गावात अशी १०० घरं असतील तर रोजचे १,००० पुडे. अख्खी एक गोणी, दर दिवशी, पुड्यांची नोंद होते त्या मजुराच्या कार्डावर, कुणाच्याही, न चढता. मी शिबिरात हे गणित फळ्यावर मांडते तेव्हा म्हातारी माणसं काही बोलत नाहीत, आपापसांत बघतात. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्याची बेरीज कधी कुणी त्यांच्यासमोर केली नव्हती.

२०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदू पहिल्यांदा स्वतः विकला. २०१४ मध्ये पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या केंद्राच्या कायद्याचे, राज्याचे नियम आले. आता ग्रामसभेला ठरवावं लागतं, पर्याय एक की पर्याय दोन. पर्याय एक म्हणजे विक्री वनविभागाने करून द्यायची आणि रॉयल्टी गावाला पोचवायची. पर्याय दोन म्हणजे सगळं गावाने करायचं. जाहिरात, लिलाव, करारनामा, फळी, मोजणी, मजुरीवाटप, पास, वसुली. पर्याय दोन घेतलेल्या गावांबद्दल मला आदर आहे. पण पर्याय एककडे परत गेलेल्या गावांना नावं ठेवणारी भाषणं ऐकली की मला राग येतो. व्यापाऱ्याने एकदा पैसे बुडवले, समितीतल्या दोघांवर संशय आला, गावात दोन तट पडले, मग कोण पुन्हा त्या वाटेला जाईल? त्यांना हिशेबाचं पाठबळ द्यायला आपण कुठे होतो, हे आधी विचारायला हवं.

व्यापाऱ्याचं सांगते. २०१७ ला तेंदूला फार चढा भाव मिळाला. गावांत हुरूप आला. त्याच जुलैत जीएसटी लागू झाला आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला, जो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. २०१८ च्या हंगामात व्यापाऱ्यांनी हात आखडते घेतले, भाव पडले. चढ्या भावाच्या वर्षी ज्यांनी करारात बयाणा रकमेची अट घालून घेतली आणि गोणी फळीवरून हलण्याआधी हप्ता ठरवला, त्या गावांचं बरंचसं सुटलं. ज्यांचा करार स्टॅम्पपेपरवर होता पण मुदती मोघम होत्या, त्यांच्याकडे पुढची दोन-दोन वर्षं ‘येणे बाकी’ याच सदरात रक्कम पडून होती. मी एका गावात व्यापाऱ्याच्या माणसाने दिलेली पावती पाहिली आहे. रक्कम अंकात एक आणि अक्षरात दुसरी. समितीच्या तरुण पोरांनी अंक पाहिले, अक्षरं पाहिली नाहीत.

आणि कागदांचं जंगल वेगळंच. ग्रामसभेला पॅन लागतो, विक्री करते म्हणून कर गोळा करायचा टॅनही लागतो. एका बँकेत खातं उघडायला गेलो तर साहेब विचारतात, तुमची संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली? ग्रामसभा संस्था नव्हे, ती कायद्यानेच आहे, हे समजावताना अध्यक्ष आणि सचिव अख्खा दिवस काउंटरसमोर उभे. भाड्याने गाडी करून आलेले, मजुरी पडलेली. मी सोबत होते म्हणून नियमाची प्रत तरी दाखवता आली. अशा वेळी गावातली शहाणी माणसं म्हणतात, जाऊ दे ना ताई, व्यापाऱ्यालाच रोख वाटू दे. व्यापारी तर तेवढ्याचीच वाट बघत असतो.

म्हणून आम्ही हिशेब साधा ठेवायचा हट्ट धरतो. चार वह्या. रोकडवही, मजुरांची वही, मालाची वही, ठरावाची वही. प्रत्येक मजुराचं कार्ड आणि फळीवरची वही रोज जुळवायची, दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही. रोख रक्कम एका घरात, कुलपाची किल्ली दुसऱ्या घरात. आणि हंगाम संपल्यावर पावसाची झड लागायच्या आत गावासमोर जाहीर वाचन. वाचन म्हणजे भिंतीवर कागद चिकटवणं नव्हे. मोठ्याने, ओळ न ओळ, हलबी-गोंडी बोलणारे असतील तर त्यांच्या बोलीत.

एका गावात असं वाचन चाललं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर सचिव पोरगा वाचत होता, मी बाजूला बसून व्हाउचर काढून देत होते. फळीचं भाडं, ताडपत्री, लिलावाची जाहिरात, गाडीभाडं, चौकीदाराची मजुरी. मग ‘इतर’, आणि पुढे रक्कम. तो पुढच्या ओळीवर जाणार तेवढ्यात मागून एक आत्याबाई उठल्या. साठीच्या पुढच्या. त्यांचं नाव कार्डावर सगळ्यात जास्त पुड्यांसाठी होतं.

“थांब बापू. हे इतर कोन होय?”

पोरगा म्हणाला, “आत्या, इतर म्हंजे किरकोळ खर्च.”

“मंग किरकोळ काय काय, ते सांग ना. आमचे पुडे तं तुमी एक-एक मोजले.”

सभेत कुणीही हसलं नाही. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. व्हाउचरं काढली. झेरॉक्स, चहा, एका रात्री पावसाने भिजलेले पुडे उलटायला लावलेल्या बायांची मजुरी, आणि तहसीलला जायचं पेट्रोल. शेवटच्याची पावती नव्हती. समितीच्या ज्यांनी पेट्रोल भरलं होतं, त्यांनी सभेत उभं राहून तारीख आणि काम सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, लिवा मंग तसंच. त्या गावाच्या वहीत आता ‘इतर’ नावाचा रकाना नाही. मी इतर गावांतही तो काढायला लावते. कुठल्याही लेखापरीक्षकाने यापेक्षा नेमका प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही.

बायकांच्या कार्डाचा मुद्दा यालाच लागून येतो. कायद्यात वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायची तरतूद आहे, ती चांगली आहे. पण तेंदूच्या कार्डावर कित्येक गावांत नवऱ्याचंच नाव असायचं, घरचा कर्ता म्हणून. पान तोडणारी ती, पुडा बांधणारी ती, डोक्यावर वाहून आणणारीही बहुतेक तीच, आणि मजुरी जमा त्याच्या खात्यात. काही ग्रामसभांनी ठराव करून कार्ड बाईच्या नावाने काढली. त्याने घराघरांत फार मोठी क्रांती झाली असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट लगेच दिसली. ज्यांचं नाव वहीत आहे त्या वाचनाला येतात. आधी बायका ओट्याच्या खाली, कडेला बसायच्या. आता पुढे बसतात, कारण त्यांची रक्कम वाचली जाणार असते.

इथे पाचगावबद्दल लिहायलाच हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे गाव. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला, बांबूच्या विक्रीवर गावाने चांगला जम बसवला. आणि त्या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. झुडपं छाटली जातात, चांगली पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, फळ धरत नाही मग माणसांना आणि पाखरांना मिळत नाही, आणि पान शेवटी विडीला जातं, अशी त्यांची कारणं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. पण तो दुसऱ्या गावाला शिकवायला जाऊ नये, असंही वाटतं. पाचगावकडे बांबू होता. आमच्या भागात अशी गावं आहेत जिथे बांबू फुलून मेला किंवा कधी फारसा नव्हताच, तिथे मेमधली मजुरी म्हणजे खरिपाचं बियाणं आणि पोरांची पुस्तकं. जंगलाच्या वापराचा निर्णय गावाने घ्यायचा, असं एकदा मानलं की दोन गावांचे निर्णय वेगळे येणार. हे मान्य करायला शहरातल्या मित्रांना जड जातं, हा माझा अनुभव आहे.

ठरावाची वही मी चौथी सांगितली, पण वजनाने ती पहिली. ओडिशातलं नियमगिरी आठवा. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न होता, डोंगर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवाचा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. रायगडा आणि कलाहांडी जिल्ह्यांतल्या १२ ग्रामसभा झाल्या, निरीक्षक म्हणून न्यायाधीश हजर होते, आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. तिथे न्यायालयाची नजर होती म्हणून प्रत्येक शब्द नोंदला गेला. सगळीकडे न्यायाधीश यायचे नाहीत. आमच्या जिल्ह्यातही डोंगरांत लोखंड आहे, आणि खाणींचा विषय रोजचा आहे. अशा वेळी ग्रामसभेचं इतिवृत्त कुणी लिहिलं, सह्या कधी घेतल्या, कोऱ्या पानावर घेतल्या का, हजेरीत किती बायका होत्या, यावर सगळं उभं राहतं किंवा पडतं. वनहक्काच्या नियमात निम्मी गणपूर्ती सांगितली आहे आणि त्यात एक तृतीयांश महिला. ती हजेरी दर बैठकीत खरी लिहायची सवय असेल तर खाणीच्या बैठकीची हजेरी कुणाला खोटी लिहिता येत नाही. अंगठा कुणाचा हे गावाला माहीत असतं. तेंदूच्या चहापाण्याचा हिशेब वाचणारं गाव आणि खाणीला नाही म्हणू शकणारं गाव, ही मला तरी एकच वाटतात.

सध्या आम्हाला एकाच गोष्टीची अडचण आहे. शिकवलेली पोरं टिकत नाहीत. सचिव म्हणून तयार झालेला मुलगा पोलीस भरतीत जातो, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. त्यांचं चुकत नाही, आणि ग्रामसभा त्यांना बारा महिने मानधन देऊ शकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पहिल्यापासून शिकवावं लागतं. काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तालुक्याला एक पगारी हिशेबनीस ठेवला आहे, रॉयल्टीतला थोडा वाटा प्रत्येक गाव त्यासाठी देतं. मला हा मार्ग पटतो, पण त्यात एक धोका दिसतो. वही गावातून निघून तालुक्याच्या कपाटात गेली की आत्याबाईंना प्रश्न विचारायला ओटा उरत नाही. म्हणून आमचा आग्रह असा आहे की हिशेबनीसाने गावात येऊन लिहायचं आणि वही गावातच ठेवून जायचं. त्याला प्रवास जास्त पडतो, तक्रारी येतात, तरी हे सोडायचं नाही असं ठरलंय.

वाणिज्य शाखेची मुलं-मुली हे वाचत असतील, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातली, तर परीक्षा संपल्यावर मे-जूनमध्ये आमच्याकडे या. राहायची सोय गावात होते. फळीवर रोजची जुळवणी करायला, पावत्यांतले अंक-अक्षरं तपासायला आणि वाचनाच्या आधी खतावणी उतरवायला माणसं कमी पडतात. गोंडी किंवा छत्तीसगढी येत असेल तर फारच बरं. येणाऱ्यांनी या पानावर निरोप ठेवावा. करारनाम्याचा मराठी मसुदाही आम्ही तयार केलाय, बयाणा आणि हप्त्यांच्या अटींसकट. ज्या ग्रामसभेला हवा असेल तिला पाठवते.